सुकाणूचे चाक आणि त्यामागचा माणूस



कामगार-चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि मालकाची लबाडी यांवर तासभर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती फारशी चुकीची नसते. आज मात्र आम्ही एका वस्तूवर बोलणार आहोत. आपल्या साकीनाक्यावर एका वेळी ती शेकड्यांनी फिरत असते, आणि तरीही तिच्याकडे कोणी पाहत नाही. ही वस्तू म्हणजे गाडीचे स्टेअरिंग. यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. गॅरेजच्या खड्ड्यात उतरून, मिस्त्रींना प्रश्न विचारून आणि सवडीने पुस्तके चाळून जे समजले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी नावाचे पाहू. पाठ्यपुस्तकात या चाकाला ‘सुकाणूचक्र’ म्हणतात. रस्त्यावर हा शब्द उच्चारला तर रिक्षावाला मागे वळून पाहील, म्हणून लोक म्हणतात त्याप्रमाणे आम्हीही स्टेअरिंग म्हणू, नाहीतर नुसते चाक म्हणू. सुकाणू हा शब्द नावेचा आहे, आणि तो इथे आला हे अगदीच अनाठायी नाही, कारण पहिल्या मोटारगाड्यांना नावेसारखीच दांडी होती. आपल्याकडे त्याआधीचा शब्द सारथ्याचा. पण सारथ्याच्या हाती चाक नसते, लगाम असतो. चाक जमिनीत रुतले ते कर्णाचे, आणि ते रथाचे चाक होते. त्याच कर्णाला जन्मभर ‘सूतपुत्र’ म्हणून हिणवले, म्हणजे ड्रायव्हरचा मुलगा म्हणून हिणवले! आणि पुढे त्याचे सारथ्य करायची वेळ आली तेव्हा शल्य राजाला तो आपला अपमान वाटला. वाहन चालवणाऱ्याला कमी लेखण्याची आपली परंपरा बरीच जुनी आहे, एवढेच या निमित्ताने नोंदवून पुढे जातो.

स्टेअरिंग लागतेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला हसू नका. सगळ्याच गाड्यांना ते लागत नाही. आपल्या नाक्यावर डोक्यावरून मेट्रो जाते. 8 जून 2014 पासून ती वर्सोवा ते घाटकोपर धावते आहे, आणि तिच्या चालकापुढे स्टेअरिंग नाही. लोकलच्या मोटरमनपुढेही नाही. मुंबईत 1907 पासून विजेची ट्राम होती आणि 31 मार्च 1964 च्या रात्री ती शेवटची धावली. त्या साऱ्या काळात ट्रामच्या ड्रायव्हरने गती वाढवली, कमी केली, घंटा वाजवली, पण गाडी वळवली नाही. गाडी रूळ वळवतो. रूळ टाकणाऱ्याने एकदा विचार केला की पुढच्या सगळ्या चालकांची त्या विचारातून सुटका होते. रस्त्यावरच्या चालकाला ही सोय नाही. त्याने आपला रूळ क्षणोक्षणी स्वतःच टाकायचा, तोही समोर म्हैस असो, मिरवणूक असो की उलट्या दिशेने येणारी स्कूटर असो. बस आणि ट्राम यांत हाच फरक आहे. चालकाच्या कामाचा मोबदला ठरवताना हा फरक कोणी मोजत नाही.

दोन चाकांच्या बैलगाडीलाही वेगळे सुकाणू लागत नाही. कासरा ओढला की बैल वळतो, जू वळते, आणि एकाच आसावरची दोन चाके आपापल्या गतीने फिरत मागोमाग येतात. अडचण सुरू होते चार चाकांपासून. ती पाहायची असेल तर भाजीवाल्याची चार चाकांची हातगाडी पाहा. तिच्या चारही चाकांचे आस पक्के असतात. वळायचे झाले की तो मागचा दांडा खाली दाबतो, पुढची दोन चाके अधांतरी उचलतो, गाडी फिरवतो आणि पुन्हा टेकवतो. पन्नास किलो बटाट्यांसह ही कसरत तो दिवसातून किती वेळा करतो, हे त्याच्या कमरेला विचारावे.

घोड्याच्या गाड्या बांधणाऱ्यांनी यावर पहिला तोडगा काढला तो असा, की पुढचा संपूर्ण आसच मधल्या खिळीवर फिरता ठेवायचा. मुंबईत पुष्कळ वर्षे धावलेल्या व्हिक्टोरिया गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कोचमनच्या बैठकीखालची ती फिरती तबकडी आठवेल. पण यात एक धोका होता. आस फार वळला की पुढची दोन्ही चाके जवळजवळ एका रेषेत येतात, गाडी तिवईसारखी तीन टेकूंवर उभी राहते आणि कलंडते. शिवाय चाकाला गाडीखाली फिरायला जागा हवी, म्हणून पुढची चाके लहान करावी लागत.

खरा उपाय शोधला म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने, 1816 च्या सुमारास. आस जागेवर स्थिर ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांवर फक्त चाके, प्रत्येक आपापल्या खिळीभोवती वळवायची, ही त्याची कल्पना. ही खिळी म्हणजे आपल्या मिस्त्रींची किंगपिन. लंडनमध्ये त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान या गृहस्थाने 1818 मध्ये पेटंट घेतले, आणि जगभरच्या पुस्तकांत या रचनेला नाव पडले आकरमानचे. कारागीर मागे आणि कागदावर सही करणारा पुढे, ही गोष्ट आम्हा कामगारांना काही नवी नाही.

या रचनेतली गंमत नीट समजून घेण्याजोगी आहे. गाडी वळते तेव्हा चारही चाके एकाच मध्यबिंदूभोवती वर्तुळे काढतात. आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. मग पुढची दोन्ही चाके सारखीच वळवून कसे चालेल? एक हिशेब मांडू. बसच्या पुढच्या आणि मागच्या आसांत सहा मीटर अंतर धरा आणि डाव्या-उजव्या चाकांत दोन मीटर. मागच्या आसाचा मध्य दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालला आहे. अशा वळणावर आतले चाक सुमारे 34 अंश वळायला हवे आणि बाहेरचे सुमारे 29 अंश. दोन्ही 34 अंश वळवली तर बाहेरचे चाक फिरण्याऐवजी रस्त्यावर घासत जाईल, टायर झिजेल आणि स्टेअरिंग विनाकारण जड होईल. हा पाच अंशांचा फरक पडावा कसा? त्यासाठी कोणी हिशेबनीस बसवलेला नाही. किंगपिनपासून मागे येणारे दोन लहान हात सरळ न ठेवता किंचित आत झुकवायचे आणि त्यांची टोके एका आडव्या दांड्याने, म्हणजे टायरॉडने, जोडायची. एवढ्याने आतले चाक आपोआप जास्त वळते. लोखंडाच्या चार तुकड्यांत भूमिती बसवली आहे. आम्हाला हे पहिल्यांदा उमगले तेव्हा आम्ही एका गॅरेजमध्ये उभ्या टेंपोखाली बराच वेळ पडून होतो आणि मिस्त्रीला वाटले की आम्हाला झोप लागली.

मोटारगाडी आली तेव्हा हा शोध पुष्कळ जुना झालेला होता. तरीही कार्ल बेन्झने 1886 मध्ये आपली पहिली गाडी केली ती तीन चाकांची, कारण चार चाकांना वळवण्याचा प्रश्न त्याला समाधानकारक सुटला नव्हता. तो त्याने सोडवला 1893 मध्ये. पुढे एकच चाक ठेवले की ही पाच अंशांची भानगडच उरत नाही. आपली रिक्षा त्याच युक्तीवर चालते, म्हणून तिला साधा सायकलसारखा दांडा पुरतो. साकीनाक्याच्या कोंडीत ती हातभर जागेत फिरते, त्याचे हे एक कारण.

पण दांडा रिक्षाला पुरतो, बसला का पुरत नाही? पहिल्या मोटारींना दांडाच होता. तो हाताने जितका फिरवाल तितकेच रस्त्यावरचे चाक फिरते, आणि रस्त्यावरच्या चाकाला बसलेला प्रत्येक धक्का तितक्याच जोराने हातात येतो. गाडीचे वजन आणि वेग वाढला तसा दांडा माणसाच्या हातून निसटू लागला. 1894 च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशेराँ याने आपल्या पानार गाडीला गोल चाक लावले आणि चारपाच वर्षांत ती पद्धत रूढ होऊ लागली. चाकाचा मोठा गुण असा की ते कितीही फेरे फिरवता येते. दांडा फार तर अर्धवर्तुळ फिरेल, नंतर ड्रायव्हरच्या पोटाला लागेल. चाक पाच फेरे फिरवा. म्हणजे हाताचे पुष्कळ फिरणे आणि रस्त्यावरच्या चाकाचे थोडे वळणे, असा सौदा करता येतो. विहिरीवरच्या रहाटाचे तत्त्वच इथे आहे: अंतर द्या आणि जोर घ्या.

हा सौदा पटवणारा दलाल म्हणजे स्टेअरिंग बॉक्स. मोटारीत तो बहुधा सरळसाधा असतो. चाकाच्या दांड्याच्या टोकाला लहान दातेरी पिनिअन, ते फिरले की दाते पाडलेली आडवी पट्टी, म्हणजे रॅक, डावी-उजवीकडे सरकते आणि चाके वळवते. आपली जुनी अॅम्बॅसडर याच पद्धतीची होती. ट्रक आणि बस यांत मात्र मळसूत्राचा बॉक्स असतो. चाक फिरले की मळसूत्र फिरते आणि त्यावरचा नट वरखाली सरकतो. चांगल्या बॉक्समध्ये मळसूत्र आणि नट यांच्या खाचांत पोलादी गोळ्या गोल गोल फिरत राहतात, त्यामुळे घर्षण कमी होते. बसमध्ये हे प्रमाण वीसास एक धरले, तर रस्त्यावरचे चाक एक अंश वळवायला हातातले चाक वीस अंश फिरवावे लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्त्यावरचे चाक ऐंशी अंश वळते असे धरा, म्हणजे हाताला 1600 अंश फिरवायचे आले. साडेचार फेरे झाले. बसचे चाक परातीएवढे मोठे का असते, तेही यावरून कळेल. परीघ मोठा तितका जोर कमी लागतो.

आणखी एक गुण सांगून यंत्राचा भाग आवरता घेतो. वळण संपले की चाक हातातून आपोआप सरळ होऊ लागते, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सायकलचा पुढचा चिमटा पाहा, तो उभा नसतो, तिरपा असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या किंचित पुढे पडते. म्हणजे टायर त्या रेषेमागे ओढला जातो, आणि ओढली जाणारी वस्तू आपोआप मागे सरळ येते, जसा दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका येतो. मोटारीच्या किंगपिनला असाच किंचित कल दिलेला असतो. तो बिघडला तर गाडी सरळ रस्त्यावरही भटकते आणि चालकाला अखंड तिला धरून ठेवावे लागते. अलाइनमेंटचे पैसे वाचवणारा मालक ते पैसे कोणाच्या खांद्यातून वसूल करतो, हे यावरून लक्षात यावे.

आता माणसाकडे येतो.

पॉवर स्टेअरिंग नसलेली भरलेली बस किंवा ट्रक वळवणारा चालक ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल की तो बसून वळवत नसे. बैठकीवरून अर्धवट उठून, छाती चाकावर आणून, सगळे अंग घालून वळवी. गाडी उभी असताना चाक सर्वांत जड असते, कारण टायर फिरत नाही, जागच्या जागी रस्त्यावर रगडला जातो. आणि आपल्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर गाडी उभी नसते केव्हा? एका फेरीत पन्नास वळणे धरा, प्रत्येक वळणाला चाकाचे दोन फेरे जाताना आणि दोन परत येताना. एका फेरीत दोनशे फेरे झाले. दिवसाच्या सहा फेऱ्या धरल्या तर बाराशे. जुन्या ड्रायव्हरांचे खांदे आणि मनगटे चाळिशीतच का धरत, त्याचे गणित एवढेच आहे. आमच्याकडे येणारे कितीतरी जुने चालक चहाचा कप डाव्या हाताने उचलतात.

या दुखण्यावर उपाय नव्हता असे नाही. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने 1926 मध्येच तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग एका मोटारीवर चालवून दाखवले होते. तो आधी ट्रकच्या कामावर होता आणि जड चाकाचा त्रास त्याने जवळून पाहिला होता. पण विकत मिळणाऱ्या मोटारीत ते आले 1951 मध्ये, क्राइसलरच्या श्रीमंती गाडीत. पंचवीस वर्षे गेली. ट्रकवाल्याचा त्रास पाहून निघालेला उपाय आधी पोहोचला तो ज्याला फारसा त्रास नव्हता त्याच्याकडे! आपल्याकडेही क्रम निराळा नव्हता. साहेबाची मोटार आधी हलकी झाली आणि त्याच्या कारखान्याचा माल वाहणारा ट्रक मागाहून.

ते चालते कसे, हे थोडक्यात सांगतो. चाकाच्या दांड्यात एक बारीक, किंचित पिळ खाणारी सळई असते. चालकाने चाक वळवायला जोर लावला की ती पिळते. तिच्या पिळण्याने एक झडप उघडते, आणि इंजिनवर चालणारा पंप दाबाखालचे तेल त्या बाजूला सोडतो. तेल ढकलते, माणूस फक्त सांगतो. नव्या मोटारींत तेलाऐवजी विजेची मोटर असते, ती पिळाचे मोजमाप घेऊन मदत करते. छोट्या मोटारीत ती 1988 मध्ये जपानच्या सुझुकीने आणली.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. एका वाहतूकदाराशी, नाव घेत नाही, वाटाघाटी चालू होत्या. त्याने नव्या गाड्या घेतल्या होत्या, पॉवर स्टेअरिंगच्या. तो म्हणाला, “साहेब, आता चाक दोन बोटांनी फिरतं. तुमच्या माणसांना दमायला काय झालं? दोन फेऱ्या वाढवा.” आमच्याबरोबर एक वयस्क चालक होते. ते म्हणाले, “शेठ, चाक हलकं झालंय. डोळे हलके झाले नाहीत.” यावर शेठ काही बोलले नाहीत, पण फेऱ्यांचा मुद्दा त्या बैठकीत पुढे सरकला नाही. यंत्राने वाचवलेले श्रम कोणाच्या खाती जमा व्हायचे, हा आमच्या चळवळीचा जुना प्रश्न आहे, आणि तो गिरणीच्या मागापाशी जितका होता तितकाच स्टेअरिंगपाशी आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असा हिशेब घातला. 2020 च्या संहितेत तो कायदा सामावला गेला. पण कायदा कोणत्याही नावाचा असो, तो चालकाच्या बाजूने चालतो तो हजेरीपुस्तकात खरी वेळ लिहिली गेली तरच. अठरा तास चाकावर बसलेला माणूस कागदावर आठ तासांचा असतो, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

या मदतीच्या चाकाची एक जोखीमही आहे. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद पडले की मदत गेली. चाक वळेल, पण एकदम दगडासारखे जड होऊन वळेल. घाट उतरताना डिझेल वाचवायचे म्हणून इंजिन बंद करून गाडी सोडणारे चालक आम्हाला ठाऊक आहेत, आणि डिझेलच्या बचतीवर त्यांना चार पैसे देणारे मालकही ठाऊक आहेत. कसारा किंवा खंडाळ्याच्या उतारावर असे करणे म्हणजे जिवाशी जुगार आहे. ब्रेकची ताकदही त्याच इंजिनावर अवलंबून असते. चावी पुरती फिरवून काढली तर मोटारीचे चाक कुलपात अडकते. या बाबतीत आम्ही चालकांनाही बोलतो, नुसत्या मालकांनाच नाही.

आता प्ले. हा शब्द गॅरेजमधला आहे आणि त्याला प्रतिशब्द शोधण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. चाक फिरवले पण रस्त्यावरचे चाक अजून हलले नाही, एवढी जी मोकळी जागा असते तो प्ले. किंगपिनचे बुश झिजले, टायरॉडचे गोळे झिजले, बॉक्समधले दाते झिजले की तो वाढत जातो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 98 मध्ये, तो चाकावर मोजून 30 अंशांपेक्षा कमी असावा असे म्हटले आहे. अंश सामान्य माणसाने कसे मोजायचे? त्याला खडू पुरतो. पुढची चाके सरळ ठेवा. एकाने खाली वाकून टायरकडे पाहायचे, दुसऱ्याने चाक हळूच एका बाजूला फिरवायचे. टायर हलायला लागला की थांबा, चाकाच्या कडेवर खूण करा. मग उलट फिरवा, टायर हलला की दुसरी खूण. दोन खुणांतले अंतर हा प्ले. बसचे चाक अर्धा मीटर व्यासाचे धरले, तर 30 अंश म्हणजे कडेवर सुमारे 13 सेंटिमीटर. चार बोटांपेक्षा जास्त, वितीपेक्षा बरेच कमी. तेलाच्या दाबाची गाडी असेल तर ही परीक्षा इंजिन चालू ठेवून करावी.

या खडूने आमच्या एका लढ्याला सुरुवात झाली. एका टँकरवरचा चालक आमच्या कचेरीत आला. त्याच्या गाडीचा प्ले पुरती वीतभर झाला होता. त्याने दोनदा सांगितले, मालकाच्या माणसाने दोनदा सांगितले, “चालवायची तर चालव, नाहीतर दुसरा बघतो.” तिसऱ्या आठवड्यात खैरानी रोडकडे वळताना टायरॉडचा गोळा निसटला. गाडी हळू होती म्हणून ती नुसतीच एका भिंतीला जाऊन टेकली, कोणाला लागले नाही. आणि दोष? दोष चालकाचा. “बेदरकारपणे चालवली” असे पत्र त्याच्या हाती आले. त्याने तक्रार केली होती, पण तोंडी. तोंडाच्या तक्रारीला साक्षीदार नसतो. तेव्हा आम्ही पगारवाढीचा प्रश्न बाजूला ठेवला आणि एका वहीसाठी अकरा दिवस भांडलो. प्रत्येक गाडीत एक तक्रारवही, चालकाने सकाळी प्ले, ब्रेक आणि टायर यांची नोंद करायची, मिस्त्रीने सही करायची, आणि सही नसेल तर गाडी बाहेर जाणार नाही. आमच्यातलेच काही म्हणाले की वहीने पोट भरते का. पण वही मिळाली, आणि त्या चालकावरचे पत्रही मागे घेतले गेले. पगारवाढ पुढल्या वर्षी मिळाली, ती कमीच मिळाली, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांच्या हाती चाक नाही, रस्त्याने पायीच जायचे आहे, त्यांच्या कामाची एक गोष्ट राहिली. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या माग्यावरून जात नाहीत, ती आत कापत जातात. मघाच्याच बसचा हिशेब घ्या. मागचे आतले चाक नऊ मीटर त्रिज्येने फिरत असेल, तर पुढचे आतले चाक जवळजवळ पावणेअकरा मीटरने फिरते. फरक सुमारे पावणेदोन मीटरचा, म्हणजे सहा फुटांचा! बसचे तोंड तुमच्यासमोरून सुखरूप गेले म्हणून तुम्ही निर्धास्त असता आणि मागचे चाक सहा फूट आत येते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावे वळण घेताना ते मागचे डावे चाक त्याच्यापासून सर्वांत लांब, आणि आरशाच्या एका कोपऱ्यात. पूर्वी मागच्या दारातून वाहक डोकावून पाही. आता वाहकाविना धावणाऱ्या गाड्याही या शहराने पाहिल्या. वाहक फक्त तिकिटे फाडतो असा ज्यांचा समज आहे, त्यांनी साकीविहार रोडच्या वळणावर पाच मिनिटे उभे राहावे. मात्र वळणाच्या आतल्या बाजूला, पदपथाच्या कडेवर उभे राहू नये.

हे बोलत असताना एक गोष्ट टाळता येत नाही. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ला पश्चिमेला, बर्वे मार्गावर, विजेवर चालणारी एक बस गर्दीत घुसली. कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे जाणारी, म्हणजे आपल्याच रस्त्याची बस. सातांहून अधिक माणसे मेली, कितीतरी जखमी झाली. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आम्ही त्यात पडत नाही. पण विजेच्या गाडीविषयी जे सर्वसामान्य आहे ते बोलू शकतो. डिझेलच्या गाडीत चालकाला चाक, क्लच, गिअर आणि इंजिनचा आवाज, असे चार मार्गांनी गाडी काय करते आहे ते कळत असते. डोळे मिटले तरी गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे जुना चालक सांगेल. विजेच्या बसमध्ये क्लच नाही, गिअर नाही, आवाज जवळजवळ नाही, आणि मोटर शून्यापासूनच पुरा जोर देते. चाक तर इतके हलके की रस्त्याची खबर हाताला पोहोचतच नाही. ही गाडी वाईट नाही. धूर नाही, धक्के नाहीत, म्हाताऱ्या चालकाला तर ती वरदान आहे. पण ती निराळी गाडी आहे. वीस वर्षे क्लच दाबलेल्या पायाला नवीन सवय लागायला दिवस लागतात, आणि ते दिवस पगारी असले पाहिजेत, रिकाम्या रस्त्यावरचे असले पाहिजेत. कंत्राटदाराला त्या दिवसांत उत्पन्न नसते म्हणून ते कमी केले जातात. गाड्या मागवताना निविदेत बॅटरी किती किलोमीटर चालेल ते पानपानभर लिहिलेले असते. चालकाला किती दिवस शिकवावे, हे त्याच कागदात अंकी लिहा, एवढीच आमची मागणी आहे. आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला ती तुम्हीही विचारू शकता. बसमध्ये तुम्हीच बसता.

चाकाने माणसाला मारलेही आहे, हे थोडक्यात सांगतो. समोरून टक्कर झाली की जुन्या गाडीत चाकाचा पोलादी दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीत शिरे. अमेरिकेत 1968 पासून आपोआप मिटणारा दांडा सक्तीचा झाला. आपल्याकडे मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून. एकाच वस्तूच्या दोन टोकांत इतक्या वर्षांचे अंतर आहे.

शेवटी शेजारच्या कुर्ल्याची आठवण काढल्याशिवाय हा विषय आम्हाला सोडवत नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यातून फियाट निघाली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. तिथल्या कामगारांचा आणि डॉ. दत्ता सामंतांच्या युनियनचा इतिहास हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, कोणी बोलावले तर तेही करू. पद्मिनीच्या जुन्या गाड्यांत गिअरची दांडी चाकाखालीच असे, आणि टॅक्सीवाला एका हाताने चाक, दुसऱ्याने दांडी, आणि मान बाहेर काढून पुढच्याला शिव्या, अशी तिन्ही कामे एका वेळी करी. 30 ऑक्टोबर 2023 ला तिची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. लोकांनी छायाचित्रे काढली, वर्तमानपत्रांनी लेख लिहिले. ते चाक धरून ज्यांनी तीस-तीस वर्षे काढली, त्यांना निवृत्तिवेतन किती मिळते, हे मात्र आम्ही त्या लेखांत शोधत राहिलो.

बाहेर पटांगणात आमच्या एका सभासदाचा टेंपो उभा आहे. मालकाची परवानगी आहे. खडू आमच्या खिशात आहे. ज्यांना प्ले मोजून पाहायचा असेल त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर तिकडे यावे. एकाला वर बसावे लागेल आणि एकाला खाली वाकावे लागेल, तेव्हा धोतर-साडी सांभाळून या.